समाधान झालं ना?

म्हातारी माणसं फोन नीट बंद करत नाहीत, हे कौमुदीला जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या त्या ऑफिसात आल्या आल्याच कळलं होतं. समोरच्यानं कापल्याशिवाय आपण फोन कापायचा नाही, असा तिथला नियम होता. त्यामुळे बोलणं संपलं तरी दुसऱ्यांची घरं तिच्या कानात चालूच राहायची: कुकरची शिट्टी, मालिकेतलं रडणं, 'कुणाचा होता गं?' असा आतल्या खोलीतून आलेला प्रश्न. तिला त्याची मजा वाटायची. त्या दुपारी परभणीच्या गोपीनाथ तांबटांनी "हो, झालं समाधान" म्हटलं आणि फोन बहुधा गादीवर उलटा टाकला. कौमुदी सवयीनं ऐकत राहिली. आधी नुसताच पंख्याचा आवाज आला. मग टूं, टूं, टूं असं काहीतरी बारीक वाजायला लागलं आणि एका बाईचा आवाज आला, शब्दाशब्दाला थांबणारा. "येणार... का... कोणी?" आणि मग गोपीनाथांचा, आत्ता इतका वेळ तिच्याशी हसून बोलत होता तोच, पण निराळा, थकलेला. "नाही गं. कोण येतंय? पण त्या लेकराचं काम झालं बघ." मग पुठ्ठा फडफडल्यासारखं काहीतरी. "हळू घे. बोलू नकोस. हळू घे श्वास." फोन कुणाच्या तरी अंगाखाली आला असावा, कारण खसखस झाली आणि लाइन बंद पडली. समोर पडद्यावर तांबटांच्या नावापुढे हिरवा चौकोन लुकलुकत होता. कौमुदीनं तो दाबला. तक्रार बंद झाली.

दाबल्यानंतर तिचं बोट तिथंच राहिलं. आपण हे आधी ऐकलं आणि मग दाबलं, हा क्रम तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि एकदा लक्षात आल्यावर तो जाईना. उलटं झालं असतं तर? आधी दाबलं असतं आणि मग ऐकलं असतं तर तिला बिचारं म्हणता आलं असतं, स्वतःलाही आणि त्यांनाही. एसी इतका जोरात होता की पोरं जूनमध्ये जॅकेट घालून बसली होती, आणि काचेपलीकडे रस्त्यावरच्या माणसांनी तोंडाला ओढण्या नि गमछे गुंडाळलेले होते. पुढचा कॉल आपोआप येतो, तो यायच्या आत तिनं ब्रेकचं बटण दाबलं, कूलरपाशी जाऊन पाणी प्यायली, आणि पाणी पिताना तिला उगीचच वाटलं की कुणीतरी आपल्याकडे बघतंय. कुणी बघत नव्हतं. तिथं कुणाला मराठी येत नव्हतं.

घरात ठेवायची ऑक्सिजनची मशिनं विकणाऱ्या एका कंपनीच्या तक्रारी ही फर्म सांभाळायची. सांभाळायची म्हणजे मशिनं दुरुस्त करायची नव्हे. दुरुस्त करणारे वेगळे, कुठेतरी लांब, आणि कायमच कमी. इथलं काम तक्रार बंद करण्याचं. ग्राहकाला फोन करायचा, आपली अडचण नोंदवली आहे, इंजिनियर लवकरच येईल असं सांगायचं, आणि शेवटी विचारायचं, आपलं समाधान झालं का? त्याच्या तोंडून, त्याच्याच आवाजात 'हो' निघालं पाहिजे. ते रेकॉर्ड झालं की काम फत्ते. मग इंजिनियर येवो न येवो, ती तक्रार महिनाभर पुन्हा उघडत नाही. एमबीएच्या मुलांना उन्हाळ्यात कुठेतरी इंटर्नशिप करावी लागते, शेवटी फर्मनं सर्टिफिकेट आणि शेरा दिला तरच कॉलेज मार्क देतं, आणि चांगल्या चांगल्या जागा ओळखीवाल्यांनी आधीच पटकावलेल्या असतात. कौमुदीला ही जागा मिळाली ती केवळ अर्जात भाषा या रकान्यात तिनं हिंदी, इंग्रजीनंतर जरा भीत भीतच 'मराठी' लिहिलं म्हणून. टीम लीडर महिपाल सरांनी तोच शब्द पेनानं गोल केला होता. "मराठी वाली लड़की चाहिए थी हमें," ते म्हणाले होते. आयुष्यात पहिल्यांदा तिची मराठी कुणाला तरी हवी होती.

कारण एरवी तिच्या मराठीचं हसंच व्हायचं. बाबांच्या बँकेच्या बदल्यांमागे फिरत फिरत ते घर तिच्या जन्माआधीच साताऱ्याहून निघालं आणि शेवटी जयपूरला, मानसरोवर नावाच्या वस्तीत रुतलं. शाळेत हिंदी, मैत्रिणींत हिंदी, अभ्यासाला इंग्रजी. मराठी उरली ती घरातल्या चार भिंतींत, आणि घरातही मुख्यतः आईकडे. पुण्याला लग्नकार्यात गेलं की चुलत भावंडं तिला मुद्दाम बोलायला लावायची, ती 'मला भूक लागला' म्हणाली की टाळ्या द्यायची, आणि ती आपली तोंड मिटून कोपऱ्यात पोळ्यांना तूप लावत बसायची. तिला भांडता येत नव्हतं मराठीत. राजकारणावर, सिनेमावर, कशावरच बोलता येत नव्हतं. येत होतं ते एवढंच: जेवलास का, दुखतंय का, झोप आता, औषध घेतलंस का. आजारी पोराशी आई जेवढी बोलते तेवढी मराठी तिच्याकडे होती. आणि इथं, या ऑफिसात, फोनच्या पलीकडे नेमकी आजारी माणसं होती.

पहिले दोन-तीन दिवस तिनं फर्मनं दिलेला मजकूर वाचला. 'आपणास झालेल्या असुविधेबद्दल आम्ही क्षमस्व आहोत' वगैरे. माणसं फोनवर भडकायची, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. मग कधीतरी एका रडवेल्या बाईशी बोलताना तिच्या तोंडून नकळत निघून गेलं, "हो ना, फार त्रास होतोय ना. बघू हं आपण." ती बाई एकदम गप्प झाली. आणि मग म्हणाली, "बघ गं बाई." बघू हं आपण! लहानपणी ताप चढला की आई कपाळावर हात ठेवून हेच म्हणायची, आणि ताप न उतरता सुद्धा बरं वाटायचं. यात वचन काहीच नाही, खोटंही काही नाही, पण ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. कौमुदीनं ते पुन्हा वापरून पाहिलं, आणि पुन्हा. इस्लामपूर, जालना, अचलपूर, सगळीकडे चाललं. जयपूरहून एक पोरगी मराठीत बोलतेय याचंच लोकांना अप्रूप, त्यात ती अशी मऊ बोलते म्हटल्यावर तक्रार बाजूला राहायची आणि कुणाची, कुठली, लग्न झालंय का, आमच्याकडे ये एकदा, असं सुरू व्हायचं. शेवटी 'हो' मिळायचं, वर आशीर्वादही. कुणी किती तक्रारी बंद केल्या ते लिहायच्या पांढऱ्या फळ्यावर तिचं नाव सगळ्यांच्या वर चढलं. महिपाल सर वाईट माणूस नव्हेत, बडीशेप चघळत सगळ्यांची विचारपूस करत फिरायचे. त्यांनी तिला 'बघू हं आपण'चा अर्थ विचारून घेतला आणि गुजराती आणि बंगाली टीमलाही तसं काहीतरी आपापल्या भाषेत शोधायला सांगितलं. कौमुदीनं घरी येऊन ही गंमत सांगितली तेव्हा आईसुद्धा हसली होती.

गोपीनाथ तांबटांचा कॉल काही वेगळा नव्हता, म्हणजे सुरुवातीला नव्हता. "कुठून बोलायलीस माय?" त्यांनी विचारलं. जयपूर म्हटल्यावर, "अबब! तिकडं पण आपली माणसं हायती?" त्यांच्या बायकोची, सुमित्राबाईंची फुप्फुसं गेलेली, मशीन चोवीस तास लागतं, आणि दुपारी ऊन तापलं की मशीनही तापतं आणि बंद पडतं. मग ऊन कलेपर्यंत ते तिला पुठ्ठ्यानं वारा घालत बसतात. एक सिलिंडर आहे, पण तो भरून आणायला कुणी नाही. हे सगळं ते कुरकुर न करता, दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलतो तसं रंगवून सांगत होते. दुकानच होतं त्यांचं, बांगड्यांचं. "लहान पोरीचा हात दाबावा लागतो ना," ते म्हणाले, "मग तिला बोलण्यात गुंतवायचं. कोणच्या शाळेत जातीस, बाई मारतात का. तिचं ध्यान तिकडं गेलं की हात सैल पडतो, आन् बांगडी आत! तू पण तसंच करायलीस बघ." आणि ते खळखळून हसले. तीही हसली. तेव्हा तिला ते कौतुकच वाटलं होतं.

मग तिनं विचारलं, "तर काका, समाधान झालं ना?" आणि ते म्हणाले, "मशीन तर चालू नाही झालं, माय." गोड आवाजात, पण म्हणाले. आठवड्यात बंद झालेल्या तक्रारींचा आकडा त्या दिवशी वरच्यांकडे जायचा होता, महिपाल सर मागे येऊन उभे राहिले होते आणि त्यांच्या बडीशेपेचा वास येत होता. तेव्हा कौमुदी जे बोलली ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते फर्मच्या कागदात नव्हतं, आईच्या तोंडचंही नव्हतं. "काका, मी शिकतेय अजून. मतलब, कॉलेजमध्ये. माझे मार्क यावरच आहेत." "असं होय!" ते म्हणाले. "आधी नाही का सांगायचं लेकरा? हो. झालं समाधान. रेकॉर्ड होतंय ना? हो म्हणतो मी. हो!" दुसऱ्यांदा तर त्यांनी ओरडूनच म्हटलं, तिकडे नीट ऐकू जावं म्हणून.

घरी जाताना प्रताप नगरच्या सिग्नलला स्कूटर उभी होती आणि हँडल हातात धरवत नव्हतं इतकं तापलेलं. शेजारच्या रिक्षात एक म्हातारी डुलक्या घेत होती, तोंड उघडं टाकून. कौमुदी तिच्या छातीकडे बघत राहिली, वर जातेय, खाली येतेय, आणि सिग्नल हिरवा झाला तरी बघत राहिली, मागच्यानं शिवी हासडेपर्यंत. शिवी हिंदीत होती, तिनंही हिंदीत सणसणीत उत्तर दिलं आणि त्यानं जरा बरं वाटलं. सांगानेरच्या पुढे मात्र तिला पुन्हा ते टूं टूं ऐकू यायला लागलं. मशीन बंद पडण्याआधी तसं वाजत असणार. वाजतं, म्हणजे ते सांगतं की आता मी बंद पडणार. आणि मग माणसानं काहीतरी करायचं असतं. तिनं फोन आला समजून एकदा स्कूटर बाजूला घेऊन पर्ससुद्धा उघडून पाहिली. फोन गप्प होता.

जेवताना तिनं सांगितलं. सगळं नाही, हिरव्या चौकोनाचं नाही, बाकीचं. बाबा, म्हणजे उमाकांत, पानातली भाजी सारखी करत म्हणाले, "हे बघ, तू तिथं शिकायला गेली आहेस. आमच्या बँकेतसुद्धा असंच चालतं, वरची माणसं बघतात. प्रत्येकाचं मनाला लावून घेतलंस तर एक दिवस नोकरी करू शकणार नाहीस." त्यांचं बोलणं नेहमीसारखं सरळ होतं आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती. आई, मधुमती, आमटीची वाटी हातात घेऊन उभी होती. "आणि त्यांना काय सांगितलंस तू?" तिनं विचारलं. "बघू हं आपण," कौमुदी म्हणाली, आणि सवयीनं ते तसंच म्हणून गेली, मऊ, शेवटी जरा खाली उतरणाऱ्या सुरात. आई दचकली. आपलाच आवाज दुसऱ्याच्या घरात ऐकू यावा तशी तिच्याकडे बघत राहिली. "अशा आवाजात म्हणतेस तू सगळ्यांना?" तिनं एवढंच विचारलं, आणि वाटी खाली ठेवून स्वयंपाकघरात गेली. कौमुदीला वाटलं आई रागावली असती तर बरं झालं असतं. आई रागावली नव्हती. तिला लाज वाटली होती, आणि ती कुणाची हे दोघींनाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं महिपाल सरांना गाठलं आणि ती तक्रार पुन्हा उघडा म्हणाली. त्यांनी तिला खुर्ची दिली, बडीशेप पुढे केली. "बेटा, कस्टमर ने खुद हाँ बोला है. रिकॉर्डिंग है." मग मशीन? "अगले महीने फिर से कंप्लेंट कर देंगे." अगला महीना! मग तिचं तोंड बघून त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की एक रस्ता आहे, पण तू तो धरू नकोस. ग्राहकानं स्वतः फोन करून एजंटनं मला फसवून 'हो' म्हणवून घेतलं अशी तक्रार केली, तर इथून तिचा रिपोर्ट थेट मशीनच्या कंपनीकडे जातो. मग कुणाला दाबता येत नाही. दुसऱ्या दिवशी नवीन मशीन पाठवावंच लागतं. "लेकिन फिर एजेंट गया. तेरा सर्टिफिकेट गया, कॉलेज को रिपोर्ट जाएगी. छोड़ ना. अच्छा काम कर रही है तू." त्यांना खरंच तिची काळजी वाटत होती, हेच तर वाईट होतं. इथं एकही माणूस असा नव्हता की ज्याच्यावर ओरडावं.

तांबटांचा नंबर तिला पाठ झाला होता. जेवणाच्या सुट्टीत जिन्याच्या वळणावर, जिथं एसी पोचत नव्हता आणि भिंतीला हात लावला तर भाजत होता, तिथं उभं राहून तिनं स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला. "अरे, जयपूरची पोरगी!" त्यांनी आवाज लगेच ओळखला. "झालं का गं काम? मार्क पडले का?" मागे काही वाजत नव्हतं. मशीन चालू असेल, किंवा वाजायचंही थांबलं असेल. तिनं घाईघाईत, अर्धं हिंदीत, सगळं सांगितलं: काका, तुम्ही असं करा, या नंबरवर फोन करा, माझं नाव घ्या, म्हणा हिनं मला गुमराह केलं. "तुझ्यावर?" ते म्हणाले. "येडी झालीस का? मीच हो म्हणालो ना. कुणी माझा गळा धरला होता? लेकराच्या पोटावर पाय देऊ का मी आता?" ती म्हणाली, नवीन मशीन येईल. ते म्हणाले, येईल तवा येईल, इतके दिवस काढले. ती म्हणाली, काकूंना त्रास होतो ना. ते म्हणाले, तिला सवय हाय.

मग तिला वाटलं, यांना राग आणला पाहिजे. काहीतरी असं बोललं पाहिजे की हे फोन आपटतील आणि रागाच्या भरात तक्रार करतील. तिनं शब्द शोधले आणि तिला एकही सापडेना. हिंदीत ढिगानं होते. रस्त्यात, कॉलेजात, रिक्षावाल्याशी, ती बोलत होती रोज. पण या माणसाला हिंदीत कसं टोचायचं, त्यांना ते टीव्हीतलं वाटलं असतं. मराठीत तिच्याकडे रागाचे म्हणून होते ते आईचेच: वेडाबाई, गधडे, द्वाड कुठली. "तुम्ही... तुम्ही खूप वाईट आहात, काका," ती शेवटी म्हणाली, आणि नाक ओढलं. तिकडे ते हसले. "रडतीस कशाला? जेवलीस का नाही आज?" खालून कुणीतरी जिना चढत येत होतं, त्याला वाट द्यायला ती भिंतीला चिकटली आणि पाठ भाजली तरी तशीच उभी राहिली. तो माणूस वर निघून गेल्यावर ती म्हणाली, "काका, काल तुमचा फोन चालू राहिला होता. मी ऐकलं. काकू विचारत होत्या कोणी येणार का. तुम्ही वारा घालत होतात."

तिकडचं हसणं थांबलं.

"ते ऐकलं मी," ती म्हणाली, "आणि मग बटण दाबलं. आधी ऐकलं, काका. नंतर दाबलं." म्हाताऱ्या माणसाला आपलं झाकून ठेवलेलं दुखणं कुणी बघितलं की कसं वाटतं हे तिला तेव्हा कळलं, आणि ते तिला जन्मात कळलं नसतं तरी चाललं असतं. मागून तोच थांबत थांबत येणारा आवाज आला, "कोण... हाय? काय... म्हणायली?" मग गोपीनाथ तिच्याशी बोलले, सावकाश, लेकरा नाही, माय नाही. "बरं. काय बोलायचं सांग. लिहून घेतो." तिनं सांगितलं. ते 'हं, हं' करत लिहीत गेले. शेवटी तिनं माफ करा म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी फोन ठेवला होता, या खेपेला नीट बंद करून.

मग दिवस गेले, आणि ते दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. कॉल घेत होती, पण आता 'आम्ही क्षमस्व आहोत' वाचत होती, आणि फळ्यावरचं तिचं नाव खाली उतरत होतं. दुपार झाली की तिचं लक्ष खिडकीकडे जायचं. तिला परभणी कुठे आहे हेसुद्धा नीट माहीत नव्हतं. फोनवर तिथलं तापमान मात्र ती रोज बघायची, जयपूरपेक्षा कमी असलं तर तेवढाच दिलासा घ्यायची. तक्रार येत नव्हती. आपण एवढं बोललो ते वाया गेलं, की उशीर झाला, की त्यांनी ठरवलं की या पोरीचं पुन्हा काही ऐकायचंच नाही? सर्टिफिकेट गेलं तर काय, हा विचारही यायचा, अगदी निर्लज्जपणे यायचा, आणि तक्रार आली नाही तर ते वाचेल, असाही यायचा. तेव्हा तिला स्वतःची इतकी किळस वाटायची की ती उठून तोंड धुऊन यायची. आईनं दोनदा विचारलं, त्या बाईंचं काय झालं गं. दोन्ही वेळेला ती कळलं नाही म्हणाली.

सोमवारी महिपाल सरांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं. टेबलावर लॅपटॉप होता आणि ते तिच्या डोळ्यांत बघत नव्हते. "परभणी वाले का फोन आया था," ते म्हणाले. "तेरे ऊपर है. रिपोर्ट मुझे लिखनी है और मराठी तेरे सिवा किसी को आती नहीं. अजीब है, पर तू ही बता क्या बोल रहे हैं." आणि जरा थांबून, "सोच के बताना बेटा. मेरे को तो एक शब्द समझ में नहीं आया." ते तिला दार उघडून देत होते. तिच्या मनासारखं काहीही सांगायला ती मोकळी होती. म्हातारा चौकशीला फोन करत होता, म्हटलं असतं तरी त्यांनी तेच लिहिलं असतं आणि रिपोर्टखाली सही केली असती.

रेकॉर्डिंग सुरू झालं. गोपीनाथ वाचून दाखवत होते, शाळेतल्या पोरासारखं, एकेक शब्द चाचपत. त्या कौमुदी नावाच्या मुलीनं माझी दिशाभूल केली. इंजिनियर येणार नाही हे तिला माहीत होतं. ती वाक्यावाक्याला हिंदी करत गेली, आणि तिचा आवाज स्थिर होता याचं तिलाच नवल वाटलं. मग वाचणं थांबलं आणि ते स्वतःचं बोलायला लागले. मशीन दुपारचं चालत नाही. बायकोचे ओठ काळेनिळे पडतात. काल ती मला म्हणाली, आता वारा घालू नका, तुमचाच हात दुखेल. तेही तिनं सांगितलं. महिपाल सर लिहायचे थांबले, आणि पुन्हा लिहायला लागले. मग मध्ये थोडी खरखर झाली आणि गोपीनाथांचा आवाज खाली आला, जवळ आला, जणू रेकॉर्डिंगच्या पलीकडे कुणी साहेब बसलाय आणि ते त्याच्या कानाशी बोलताहेत. "पण साहेब, एक ऐका. त्या पोरीला काही करू नका. लेकरू चांगलं हाय. तिनंच मला फोन करून सांगितलं, तक्रार करा म्हणून. नाहीतर कोण करतंय असं? मी हो म्हणालो ते माझ्या मनानंच म्हणालो. तिच्या मार्कांचं बघा तेवढं." रेकॉर्डिंग संपलं.

"ये लास्ट में इतना लंबा क्या बोले?" महिपाल सरांनी विचारलं.

माझ्या मनानं हो म्हणालो. हे एक वाक्य हिंदीत गेलं की फसवणूक उरत नाही. मग ती तक्रार तक्रारच नव्हे, हिरवा चौकोन हिरवाच राहतो, आणि परभणीला दुपार व्हायची ती होतेच. हे गोपीनाथांना कळलं नव्हतं. त्यांना वाटलं, दोन्ही जमेल. मशीनही येईल आणि पोरगीही वाचेल. कौमुदीला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, आणि राग नव्हता तो, तिला टेबलावर डोकं ठेवून त्यांना काका म्हणून हाक मारावीशी वाटली. तिनं ओढणी सारखी केली.

"बोल रहे हैं कि लड़की ने कहा मेरे नंबर कट जाएँगे, इसलिए मजबूरी में हाँ बोलना पड़ा."

महिपाल सरांनी मान तिरकी केली. "पर आवाज़ तो गुस्से वाली नहीं लग रही."

"हमारे में बुज़ुर्ग ऐसे ही गुस्सा होते हैं, सर. धीरे से."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि शेवटचा भाग पुन्हा लावला. कौमुदी हात मांडीवर ठेवून बसली. त्या पोरीला काही करू नका, गोपीनाथ सांगत होते, लेकरू चांगलं हाय. ती समोरच्या भिंतीकडे बघत ते पूर्ण ऐकून घेत होती, चेहरा जराही न हलवता, मार्कांचं बघा इथपर्यंत. पेन कागदावर टेकवून महिपाल सर थांबले होते.

"कह रहे हैं," ती म्हणाली, "ऐसी लड़की को फिर कभी किसी बूढ़े आदमी से बात मत करने देना."

त्यांनी लिहिलं. "और?"

"बस, सर. इतना ही."